सहलीच्या गाडीने जावे की न जावे?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. मी आठवीत शाळा सोडून इचलकरंजीत कांड्या भरायला लागलेला माणूस. पुढे जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून, आणि त्यातले निम्मे कामगार कायदेच. तेव्हा मंडळाच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, त्यांची अपेक्षा बोनस, मजुरीवाढ, नाहीतर कंत्राटी पद्धत अशी असणार. मी म्हणालो, सहलीच्या गाडीवर बोलतो. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. मीही पुन्हा तेच सांगितले.

त्याला कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या युनियनच्या कचेरीत तक्रारींइतकीच गर्दी रंगीत पत्रकांची असते. 'अष्टविनायक दोन दिवसांत', 'वेरूळ-अजिंठा-शिर्डी, चहा-नाष्ट्यासह', 'कोकणदर्शन'. कोणीतरी ते पत्रक माझ्या टेबलावर पसरतो आणि म्हणतो, ''आण्णा, ह्या गाडीनं जावं का नगं?'' पहिली काही वर्षे मी हसून वेळ मारून नेली. माझा धंदा कराराचे कागद वाचण्याचा. सहलीशी माझा काय संबंध? पुढे लक्षात आले की ते पत्रकही एक करारच आहे, आणि त्यावर सही न करताच माणूस पैसे मोजतो.

पैसे मोजतो म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. नोकरदार माणूस रजा टाकतो आणि जातो. ही रजाही कोणी ताटात वाढून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी झगडावे तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा ठरवून दिली. परंतु आमचा यंत्रमागवाला मीटरवर मजुरी घेतो. माग उभा, तर मजुरी उभी. हक्काची रजा कागदावर असली तरी तिचे पैसे मिळवायला भांडावे लागते. त्याच्या दृष्टीने सहलीचे भाडे म्हणजे पत्रकावरचा आकडा अधिक बुडालेल्या पाळ्या. नवराबायको दोघे कामाला असतील तर दोघांच्या पाळ्या. पाच-सहा वर्षांतून एकदा असा खर्च करणाऱ्या माणसाने ''जाऊ का?'' असे विचारले, तर हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नाही.

आता माझा स्वतःचा कल सांगतो. मी सहलीच्या गाड्यांच्या विरुद्ध होतो. आयुष्यभर भोंग्याने उठायचे, भोंग्याने बसायचे, आणि सुट्टीतही कोणाच्या तरी शिट्टीवर गाडीत चढायचे, यात माणूस मोकळा कुठे झाला? असे मी घरी दोन-चार वेळा बोलून दाखवले. आमच्या मंडळी गप्प ऐकत असत. २०११ साली गल्लीतल्या बायकांनी वेरूळ-अजिंठ्याच्या गाडीची नावे गोळा केली तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, ''अहो, तुम्ही सभांच्या निमित्तानं सगळा महाराष्ट्र हिंडलात. स्टँडवर उतरलात की कोणी ना कोणी कार्यकर्ता न्यायला येतो. मी तिथं उतरले तर मला खोली कोण बघून देणार? रात्री जेवायला कुठं जायचं, रिक्षावाल्याला किती द्यायचे, हे सगळं मी कधी केलंय? त्या गाडीत मला काही ठरवावं लागणार नाही, म्हणूनच मला जायचंय.''

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ज्याला गुलामी म्हणत होतो तीच तिची विश्रांती होती. रोज दोन वेळा काय शिजवायचे हे ठरवणाऱ्या बाईला चार जेवणे दुसऱ्याने ठरवलेली मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे पुरुषाला सांगितल्याशिवाय कळत नाही. मला तरी कळले नाही. मी दोन जागांचे पैसे भरले.

त्या सहलीत मी जे पाहिले, त्याच्या आधारानेच आज बोलतो आहे.

गाडी शनिवारी रात्री निघाली. रविवारी सकाळी आम्ही तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पोहोचलो. पत्रकावर त्या एका दिवसासाठी पाच ठिकाणे होती : देवगिरीचा किल्ला, घृष्णेश्वर, वेरूळची लेणी, बीबीचा मकबरा आणि पाणचक्की. अंतरे काही फार नाहीत. शहरापासून देवगिरी साधारण १५ किलोमीटर, त्याच रस्त्याने पुढे वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते, एका दिवसात आरामात होईल. पण पत्रकात एक गोष्ट लिहिलेली नसते. चाळीस माणसे गाडीतून उतरायला, पाय मोकळे करायला, लघवीला जायला, पुन्हा चढायला आणि मोजायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिले. एका थांब्याला पंचवीस मिनिटांच्या आत एकदाही झाले नाही. पाच थांब्यांचे दोन तास असेच गेले. बायकांच्या रांगेत तर त्याहून जास्त. कारण आपल्याकडे प्रेक्षणीय स्थळे पुष्कळ आहेत आणि स्वच्छ मोऱ्या थोड्या आहेत. हे सभेत बोलू नये असे कोणाला वाटेल, पण पन्नाशीच्या पुढच्या बायका याच एका भीतीने दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले.

वेरूळला आम्हाला एकंदर सव्वा तास मिळाला. तिथे लेणी आहेत ३४. पहिली बारा बौद्धांची, मग २९ पर्यंत हिंदूंची, शेवटची पाच जैनांची, आणि ती शेवटची पाच कैलासापासून चांगली किलोमीटरभर दूर. आमच्या वाटाड्याने कैलास आणि आणखी दोन लेणी दाखवली आणि 'बाकी सगळी अशीच आहेत' असे सांगून टाकले.

आमच्या गाडीत एक पाथरवट होता. जाती, पाटे-वरवंटे घडवायचा त्याच्या वाडवडिलांचा धंदा. तो स्वतः इमारतीच्या दगडकामावर जात असे. कैलासाच्या अंगणात आल्यावर तो काही बोलेना. मग कडेच्या कातळावरच्या छिन्नीच्या खुणांवर हात फिरवू लागला. वाटाडा सांगत होता की राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झाले. पाथरवटाला राजात रस नव्हता. त्याने मला बाजूला घेऊन विचारले, ''आण्णा, हे वरून खाली उतरत आलेत, बघितलंसा? परांची बांधलीच नाही. पण मग वरच्या गड्याचा एक घाव चुकला, तर खालचं सगळं बिघडलं की. ते जोडायचं कसं?'' मी काय सांगणार? एवढेच कळले की मी त्या देवळाकडे देऊळ म्हणून पाहत होतो आणि तो काम म्हणून पाहत होता. तीन बाजूंनी खोल चर मारून, सुमारे शंभर फूट कातळ खाली उतरत कोरलेला. किती गडी, किती पाळ्या, छिन्न्यांना धार कोण लावत होते, मलबा कोणत्या बाजूने बाहेर काढला, असे त्याचे प्रश्न संपेनात. इतक्यात शिट्टी झाली. तो दोनदा मागे वळून पाहत गाडीत चढला आणि मकबरा येईपर्यंत कोणाशी बोलला नाही.

त्याच गाडीत आमच्या गल्लीतल्या एक आजी होत्या. वय सत्तरीच्या पुढे, यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. कैलासाच्या पायरीवर त्या दहा मिनिटे बसल्या, हात जोडले, म्हणाल्या, ''बघितलं बाई, झालं.'' घृष्णेश्वराचे दर्शन झाले होते, शेजारी ओळखीची माणसे होती, गुडघे दुखले की कोणीतरी हात देत होते. त्यांना आणखी एक तास दिला असता तर तो त्यांना जडच झाला असता. त्या आजी पुढे कित्येक महिने त्या सहलीची गोष्ट सांगत होत्या.

आता गाडी तीच, भाडे तेच, शिट्टी तीच. एकाला ती गाडी पुरती मानवली आणि एकाला तिने अर्ध्या ताटावरून उठवले. त्यामुळे ही सहल चांगली का वाईट, असा सरसकट प्रश्न मला आता कोणी विचारला की मी उलट विचारतो : बाबा, त्यातल्या कोणत्या एका जागी तुला थांबायचे आहे का? खरोखर थांबायचे आहे, की सगळीकडे एकदा जाऊन यायचे आहे? सगळीकडे जाऊन यायचे असेल, बरोबर माणसे हवी असतील, पहिल्यांदाच घराबाहेर पडत असशील, तर जरूर गाडीने जा, आणि त्यात कमीपणा मानू नकोस. पण एखाद्या ठिकाणाची मनात कैक वर्षे ओढ असेल, तर तिथे गाडीने जाऊ नकोस. बाकीची चार ठिकाणे त्या एकाचा वेळ खाऊन टाकतील.

आपल्याकडे मिळून जाण्याची रीत जुनी आहे, वारी आहेच. मी दोन वर्षे आमच्या भागातल्या एका दिंडीबरोबर काही मजल चाललो. तिथेही वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला. पण पाय दुखला म्हणून झाडाखाली टेकलेला माणूस संध्याकाळी मुक्कामावर येऊन मिळत होता. त्याला कोणी सोडून जात नव्हते आणि त्याच्यासाठी कोणी खोळंबतही नव्हते. गाडीला हे जमत नाही. एक माणूस मागे राहिला की एकोणचाळीस माणसे चडफडतात, आणि म्हणून कोणी मागे राहत नाही. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, ज्यांना जिना सावकाश चढावा लागतो, त्यांनी गाडी घेण्याआधी याचा विचार करावा. गाडी दारापर्यंत नेते हे खरे. पुढची धावपळ पायांनाच करावी लागते.

सोमवारचे सांगायचे राहिले. सोमवारी पत्रकात अजिंठा होता. शंभर किलोमीटर जाऊन आम्ही फर्दापूरच्या फाट्यावर पोहोचलो, तर सगळीकडे सामसूम. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात! वेरूळची मंगळवारी. ही काही गुप्त गोष्ट नाही, कोणीही सांगेल. पण सहल काढणाऱ्याने कॅलेंडर पाहिले नव्हते आणि आम्ही चाळीस जणांनीही पाहिले नव्हते. मी, जो करारातले स्वल्पविराम तपासतो, त्यानेही नाही. परतताना भरपाई म्हणून आम्हाला हिमरू आणि पैठणीच्या एका दुकानात नेले. तिथे गाडी दीड तास उभी होती. वेरूळला सव्वा तास आणि दुकानात दीड तास! दुकानदाराकडून कोणाला काय मिळते ते मी विचारले नाही. बायकांनी मात्र आनंदाने साड्या पाहिल्या, आमच्या मंडळींनीही पाहिल्या, तेव्हा तो वेळ वाया गेला असे मी घरी म्हणू शकलो नाही.

खरी गोष्ट त्या रात्रीची. गाडीला ड्रायव्हर एकच होता. शनिवारची पूर्ण रात्र त्याने गाडी चालवली, रविवारी दिवसभर हिंडवली, रात्री गाडीतच आडवा झाला, सोमवारी अजिंठ्याचा हेलपाटा, आणि आता पुन्हा रात्रभर परतीचा रस्ता. माझी सवय अशी की मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. पुणे मागे पडले. रात्री एक-दीडच्या सुमारास, खंबाटकीचा घाट यायच्या आधी, गाडी कडेच्या मातीवर गेली आणि झटका देऊन परत वर आली. मागची सगळी माणसे झोपेत होती. मी त्याच्याकडे पाहिले. त्याचे डोळे उघडे होते, पण ते पाहत नव्हते.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी या देशात कायदा झाला. दिवसाला आठ तास काम. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन फार तर दहा. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. आता तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत सामावला आहे, पण कलमांचे आकडे बदलले म्हणून माणसाची झोप बदलत नाही. हे सारे मला पाठ होते. आणि तरी दोन दिवस मी त्याच गाडीत बसून लेणी पाहत होतो, हा माणूस झोपला कधी हे मी विचारले नव्हते. कारण त्या दोन दिवसांत मी गिऱ्हाईक होतो.

मी पहिल्या ढाब्याशी गाडी थांबवायला लावली आणि किल्ली मागून घेतली. तीन तास झोप, म्हणालो. मागे दिवे लागले, माणसे उठली, आणि माझ्यावर जी आग पाखडली गेली ती मी कोणत्या मालकाकडून ऐकली नव्हती. मंगळवारी सकाळी बहुतेकांची पाळी होती. ''आण्णा, तुमचं काय जातंय, आमची मजुरी बुडतीया,'' असे एक जण म्हणाला. त्याचेही बरोबर होते. सगळे माझ्याच युनियनचे सभासद. ज्यांच्या कामाच्या तासांसाठी मी झगडलो ते ड्रायव्हरच्या तासांसाठी थांबायला तयार नव्हते. मी किल्ली दिली नाही. गाडी साडेचारला हलली, नऊनंतर पोहोचली. पाच-सहा जणांचे माग त्या दिवशी दुसऱ्यांना दिले गेले. एका सभासदाने त्यानंतर वर्षभर वर्गणी दिली नाही. मी त्याच्याकडे ती मागितलीही नाही.

म्हणून आता कोणी पत्रक घेऊन आला की मी ठिकाणांच्या यादीकडे शेवटी पाहतो. आधी त्याला विचारायला पाठवतो : ड्रायव्हर किती? रात्रीचा मुक्काम आहे की रात्रीचा प्रवास? पत्रके काढणारे 'दोन रात्री' असे मोठ्या अक्षरांत छापतात. त्यातल्या किती पाठ टेकून आणि किती बाकावर, हे छापत नाहीत. दोन दिवसांच्या सहलीत दोन्ही रात्री गाडीतच असतील आणि ड्रायव्हर एक असेल, तर भाडे कितीही कमी असो, मी 'नको' म्हणतो. ते कमी भाडे कोणाच्या झोपेतून काढलेले आहे हे आता मला ठाऊक आहे. मग वार विचारतो. मग प्रत्येक ठिकाणी किती मिनिटे, हे लिहून मागायला सांगतो. प्रवेशाचे तिकीट भाड्यात आहे की वेगळे, अजिंठ्याला फाट्यापासून लेण्यांपर्यंत एस. टी.च्या गाडीने जावे लागते तिचे पैसे कोणी द्यायचे, शेवटची बाके कोणाला, हे पुढचे. जो सहलवाला लिहून देतो त्याच्याकडे जावे. जो म्हणतो, ''अहो, विश्वास ठेवा की,'' त्याच्याकडे जाऊ नये. मालक नेमके हेच वाक्य वापरतात.

आणखी एक वाट आहे, तिची माहिती लोकांना कमी असते. चाळीस-पन्नास माणसे जमली तर एस. टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. मग कुठे किती थांबायचे हे आपण ठरवायचे. आमच्या युनियनने तशा सहली काढल्या. भांडणे होतात, नाही असे नाही. आधी कुठे जायचे यावरच दोन सभा घ्याव्या लागतात. आणि ज्याला एकट्यानेच जायचे आहे त्याला साधी एस. टी. आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना तिचे तिकीट अर्धे झाले, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच फुकट झाले होते. त्यामुळे सहलीच्या गाडीशी तुलना करताना जुना हिशोब आता धरून चालत नाही. तो नव्याने मांडावा लागतो. मात्र खोली शोधायची, जेवणाची सोय बघायची, हे कष्ट तिकिटात धरलेले नसतात. ते कोणाच्या डोक्यावर पडणार, हे नवऱ्याने बायकोला विचारून घ्यावे.

इतिहास वाचताना मला एक मौज आढळली. १८४१ साली इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या एका सुतारकाम करणाऱ्या माणसाने दारूबंदीच्या सभेसाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. जगातल्या सहलींच्या धंद्याचे मूळ पुष्कळ जण तिथे दाखवतात. म्हणजे सगळी व्यवस्था दुसऱ्याने करून द्यायची ही कल्पना आरामखुर्चीतल्या माणसांसाठी निघालेली नव्हती. ज्यांना एरवी घर सोडता आले नसते त्यांच्यासाठी निघाली होती. हे वाचले तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या त्या आजी आठवल्या.

तो पाथरवट पुढे एकटा गेला. २०१४ च्या दिवाळीनंतर साध्या एस. टी.ने गेला, वेरूळच्या गावातच मुक्काम केला आणि दोन दिवस नुसता कैलासात बसून आला. परत आल्यावर कचेरीत आला आणि छिन्नी कुठल्या कोनात धरली असेल ते माझ्या टेबलावरच्या पट्टीने त्याने मला दाखवले. मला त्यातले फारसे समजले नाही. जैन लेणी पाहिलीस का, असे विचारल्यावर म्हणाला, ''तिकडं जायला वेळ कुठं झाला?''

सध्या आमच्या घरी कॅलेंडरच्या मागे एक नवे पत्रक खोचलेले आहे. या वेळी अष्टविनायक. मंडळींनी त्यावर शिसपेनीने एका गणपतीभोवती गोल केला आहे आणि बाजूला लिहिले आहे, 'इथे एक तास तरी'. ड्रायव्हर किती आहेत ते विचारायचे काम माझ्याकडे आहे. उद्या सकाळी फोन करणार आहे.